अकरा मिलिमीटर

ती किल्ली आमच्या घरातली नव्हती. आमच्या घरात कुलपं तीन, एक पुढच्या दाराचं, एक भात ठेवायच्या खोलीचं आणि एक कपाटाचं, आणि तिन्ही मीच आणलेली. ही किल्ली छोटी, पितळी, कडेला घासून चकचकीत झालेली, म्हणजे रोजच्या वापरातली. नर्सने स्नेहलला आत नेताना तिचं मंगळसूत्र, जोडवी, कानातलं आणि पर्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली होती, आणि काउंटरवरच्या मुलीने आधार कार्डाची झेरॉक्स मागितली म्हणून मी पर्स उघडली. लग्नाला सोळा वर्षं झाली, बायकोची पर्स मी कधी उघडली नव्हती. हा माझा चांगुलपणा आहे अशी माझी समजूत होती. खरं तर वेळच आली नव्हती. आधार कार्डाच्या मागे चार घड्या घातलेला एक कागद होता, मुरबाडच्या कुठल्याशा सोनोग्राफी सेंटरचा. डाव्या किडनीत सात मिलिमीटरचा खडा. तारीख बावीस मार्च. खाली पावती टाचलेली आणि पावतीवर ‘सोबत’ असं छापलेल्या रकान्यात निळ्या पेनाने लिहिलेलं नाव, किशोर, आणि त्याचा मोबाइल नंबर. आता नोव्हेंबर चालू होता. मला माहीत असलेला खडा पंधरा दिवसांचा होता. मला माहीत नसलेला आठ महिन्यांचा. मधल्या काळात तो सातचा अकरा झाला, किडनीतून खाली सरकून नळीत अडकला, आणि हे सगळं माझ्या शेजारी, एका अंथरुणावर झालं.

काउंटरवरच्या मुलीने दोनदा हाक मारल्यावर मी कार्ड दिलं. ती म्हणाली, पेशंटबरोबर संपर्कासाठी नंबर कुणाचा टाकू. मी माझा नंबर इतक्या जोरात सांगितला की शेजारच्या बाकावरचा म्हातारा दचकला. मग मी त्याच्याच शेजारी जाऊन बसलो. डॉक्टर कल्याणहून दर गुरुवारी शहापूरला येतो. त्याने आदल्या आठवड्यात मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं की कुठेही कापायचं नाही, टाका नाही, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करायचं, लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण वर न्यायची, तिच्यातून केसाएवढी तार, आणि तारेच्या टोकाला लेझर. खड्याचा भुगा होतो. मी पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारा माणूस, शहापूरच्या एसटी स्टँडमागे माझं दुकान आहे, तार आणि पाइप या दोन गोष्टींवर माझं पोट चालतं, त्यामुळे मला ते चटकन समजलं आणि आवडलंही. मी डॉक्टरला दोन प्रश्नही विचारले होते. आपण शहाणे आहोत असं वाटलं होतं. आता बाकावर बसून मी मुठीत ती किल्ली धरली होती आणि मुरबाडमधली मला माहीत असलेली सगळी दारं एकेक करून तिला लावून बघत होतो. एखादी भाड्याची खोली. एखादं पोटमाळ्यावरचं दार. दाराच्या आत काय असेल तेही मला दिसायला लागलं, खाट, टेबल फॅन, खिडकीला साडीचा पडदा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी तर चोर नव्हतो. ज्याच्याकडे चोरी झाली आहे त्याच्या मनात काय असतं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मग मी आठ महिने मागे जाऊ लागलो. एप्रिलमध्ये तिच्या माहेरी, शेणव्याला, भावाच्या पोराचं जावळ होतं. जेवणाच्या पंगतीतून ती उठून मागच्या अंगणात गेली होती आणि बराच वेळ आली नाही. मी बघायला गेलो तर भिंतीला कपाळ टेकून उभी. काय झालं विचारलं तर म्हणाली, कमर भरलीय. मी म्हणालो, दिवसभर कंपनीत स्टुलावर बसतेस, भरणारच. आणि परत येऊन जिलेबी मागून घेतली. जुलैमध्ये भाताच्या आवणीच्या वेळी ती चिखलातून मधेच बांधावर आली आणि पाय पोटाशी घेऊन बसली, तेव्हा आईने, म्हणजे हौसाबाईने, सुनेकडे बघून नाक मुरडलं, कंपनीत जाणाऱ्या बायांना वाकायची सवय ऱ्हात नाय म्हणाली, आणि मी हसलो. हे सगळं मला आता स्वच्छ आठवत होतं. तिच्या कपाळावरचा घाम, बांधावर बसताना दातांत धरलेला पदर. म्हणजे माझ्या डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं, फक्त मला दिसलं नव्हतं. याचा मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण त्या बाकावर मला झाला तो राग, आणि तो स्वतःवरचा नव्हता. मला एवढंच कळत होतं की दुखायला लागलं तेव्हा माझ्या बायकोने ते आधी दुसऱ्या एका पुरुषाला सांगितलं. तिने त्याच्याबरोबर सिनेमा पाहिला असता तर मला कमी लागलं असतं. सिनेमा कुणाहीबरोबर बघता येतो.

पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आला, हिरवी टोपी काढत म्हणाला, छान झालं, पूर्ण साफ, आणि नर्सने मला एक छोटी पारदर्शक डबी दिली. तळाशी काळपट चार कण होते, तांदळाच्या कणीसारखे. अकरा मिलिमीटरमधलं एवढंच शिल्लक. मी डबी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात ती उशीला टेकून चहा पीत होती, चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा लख्ख, आणि मी विचारायचं नाही असं ठरवूनच विचारलं, ती किल्ली कशाची. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, कंपनीतल्या बाथरूमची. मुरबाडच्या एमआयडीसीत ती जिथे पाकिटं भरायला जाते तिथे बायकांच्या बाथरूमला कुलूप असतं, कारण ट्रकवाले येऊन घाण करून जातात. किल्ली स्टोअरमध्ये. स्टोअर म्हणजे एक खिडकी, आत किशोर, बाहेर सात-आठ हमाल बिड्या ओढत बसलेले. बावीस बायका. प्रत्येकीने त्या हमालांसमोर जाऊन खिडकीत हात घालून किल्ली मागायची. मग बायकांनी आपसात तोड काढली. पाणीच प्यायचं नाही. सकाळी सात वाजता आमच्या सापगावच्या नाक्यावरून गाडीत बसायचं ते संध्याकाळी घरी येईपर्यंत दोन घोट, तेही जेवताना घास उतरावा म्हणून. सहा वर्षं. डॉक्टरने तिला विचारलं होतं, पाणी किती पिता, तेव्हा ती भरपूर म्हणाली होती, कारण मी शेजारी बसलो होतो. मार्चमध्ये ती पॅकिंगच्या टेबलाखाली कोसळली. बाया म्हणाल्या, ॲसिडिटी. किशोर स्टोअरमधून आला, त्याने बघितलं आणि म्हणाला, हा खडा आहे, आणि मैना नावाच्या बाईला बरोबर घेऊन रिक्षाने सोनोग्राफीला नेलं. दुसऱ्या दिवशी त्याने त्या किल्लीच्या चार नकला करून आणल्या आणि बायकांत वाटल्या. एक स्नेहलकडे होती.

एवढं सगळं ऐकून माझ्या मनातली खोली, खाट, पडदा गळून पडायला हवा होता. खोली पडली. पण जे राहिलं ते जास्त वाईट होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, “तुमाला काय सांगायचं? तुमी बोलला असतात, सोड नोकरी.” हे खरं होतं. मी तेच बोललो असतो. मग मी म्हणालो, त्याला बरं सांगितलंस. तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. “त्यांना कुठं सांगितलं? किशोरभाऊंनी तोंडावरून वळखलं.”

घरी सोडताना नर्सने फाइल माझ्या हातात दिली आणि मला बाजूला घेऊन नीट समजावलं. आतमध्ये एक मऊ नळी ठेवली आहे, किडनीपासून मूत्राशयापर्यंत, सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून. लघवीला जळजळ होईल, कमरेत ओढ लागेल, कधी लालसर होईल, घाबरायचं नाही. पण दोन आठवड्यांनी, गुरुवारी, आणून ती काढून घ्यायची, पाच मिनिटांचं काम आहे, विसरायचं नाही. तिला सांगा, म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलंय, पण त्या तेव्हा गुंगीत होत्या. मी सांगतो म्हणालो. एक्स-रेच्या फिल्ममध्ये ती नळी दिसतही होती, पांढरी रेघ, दोन्ही टोकांना वाटोळी वळलेली. मी ती फिल्म उजेडाला धरून पाहिली. माझ्या बायकोच्या आतलं जे तिला स्वतःला माहीत नव्हतं ते मला माहीत आहे, असा एक विचार त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेला. सुखाचाच होता. तिला संध्याकाळी जेवताना सांगायचं असं मी ठरवलं होतं, हे मी शपथेवर सांगतो.

संध्याकाळी किशोर आला. दोन शहाळी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन, कंपनीच्या मोटारसायकलवरून. मी दारातच त्याला नखशिखांत बघून घेतलं. पंचावन्नच्या पुढचा, टक्कल पडलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं, पायात रबरी चपला, एक दात नाही. माझं थोडंसं समाधान झालं आणि लगेच ते विरलं. देखणा असता तर बरं झालं असतं. देखण्या माणसावर जळताना माणसाला निदान आपण कशावर जळतो ते कळतं. तो तिला ताई म्हणाला. ताई म्हटलं की सगळं गंगेत न्हालं, अशी आमच्याकडे रीत आहे. खाटेशेजारी स्टूल ओढून बसला आणि मग ती दोघं जी बोलायला लागली ती मी जन्मात विसरणार नाही. त्याला तीनदा खडे झालेले. “पयलं कमरेत हुतं, मग गोल फिरून पुढं येतं, जांघेत, बरूबर?” तो म्हणाला. ती म्हणाली, बरूबर. आणि बसवत नाय, झोपवत नाय, उभं ऱ्हाववत नाय. ती म्हणाली, नाय ना. आणि मळमळतं. होय, मळमळतं. त्याचा शेवटचा नऊचा होता. “तुझा अकराचा? बाप रे,” म्हणाला, आणि ती चक्क लाजली, दहावीला जास्त मार्क पडावेत तशी. मी त्या डबीबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो, पण तिला नर्सकडून कळलं होतं, तिने मला ती मागितली, आणि तिने ती स्वतः पाहण्याआधी त्याच्या हातात दिली. तो डबी दिव्याकडे धरून हलवून बघत होता. दोघं एकाच गावची, परगावी भेटलेली माणसं जशी बोलतात तशी ती बोलत होती, आणि त्या गावाला मी कधी गेलो नव्हतो. मी नळाखाली आंघोळ करतो, चार भाकऱ्या खातो, मला साधी डोकेदुखी ठाऊक नाही. आई कुळथाचं कळण घेऊन आली, तिने त्यालाही वाटीभर दिलं, आणि तो ते फुंकून फुंकून पिऊ लागला. माझ्या आईच्या हातचं.

जाताना मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो, पाहुण्याला पोचवतात म्हणून. तिथे त्याने आवाज उतरवला. माझ्या आईसमोर अशा जागेचं बोलायला त्याला संकोच वाटत असावा. “भाऊ, नळी ठेवलीय ना आत? पंधरा दिसांनी काढतात. इसरू नका हां. ऱ्हायली तर लय तरास.” मी म्हणालो, माहीत हाय मला. तो म्हणाला, आणि तिची जागा मी धरून ठेवलीय कंपनीत, नळी काढली की चार दिवसांनी येऊ दे. मग गाडीला किक मारून गेला. मी फाटकाशी उभा राहिलो. त्याने सांगितलं नसतं तर मी दहा मिनिटांत आत जाऊन तिला सांगितलं असतं. पण आता ती त्याची गोष्ट झाली होती. आता मी सांगितली असती तर त्याचा निरोप पोचवल्यासारखं झालं असतं. आणि दुसरंही एक त्याच्याच तोंडून मला नीट कळलं होतं, नळी निघाली की चार दिवसांनी ती पुन्हा त्या खिडकीसमोर. जेवताना तिने विचारलं, अजून जळजळ होते, असं किती दिवस चालायचं. मी म्हणालो, डॉक्टरांनी दोन-तीन महिने विश्रांती सांगितली आहे, तोवर होईल असं थोडं. भाकरी मोडता मोडता म्हणालो. खोटं बोलायला वेळ लागत नाही.

ते दिवस चांगले गेले. हे लिहायला मला शरम वाटते, पण चांगले गेले. मी दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला येऊ लागलो. ती अंगणात चटईवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत असायची, आमची दिशा शाळेतून यायची, तिघं मिळून जेवायचो. मी तिच्यासाठी तांब्या भरून ठेवायचो आणि तिने तो संपवला की नाही ते बघायचो. तिचे पाय दाबले. सोळा वर्षांत मी तिच्याजवळ इतका नव्हतो. कंपनीतून फोन यायचे, मैनाचे, आणि एकदा त्याचा. ते मीच उचलले आणि म्हणालो, अजून डॉक्टर नाही म्हणतायत. हॉस्पिटलचा फोन माझ्या मोबाइलवर आला, पहिला पंधराव्या दिवशी, दुसरा महिन्याने. दोन्ही वेळा मी दुकानाच्या मागे जाऊन म्हणालो, येतो, घरात लग्न आहे, पुढच्या गुरुवारी येतो. दुसऱ्या फोनवर ती मुलगी जरा करड्या आवाजात म्हणाली, उशीर केला तर नळीवरच खडा धरतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बोअरवेलमधून वर काढलेले पाइप रोज माझ्या दारात येतात. पाण्यात राहिलेल्या पाइपाला खार धरतो, आधी पापुद्रा, मग थर, मग आत बोटही जात नाही. मी त्यावर हातोडी मारतो आणि गिऱ्हाइकाला रागावतो की वेळेवर का नाही आणलंत. फोन ठेवल्यावर मी खरोखर असाच एक पाइप पायाखाली धरून ठोकत बसलो आणि ठोकताना स्वतःशी म्हणत होतो, पुढच्या गुरुवारी नक्की. प्रत्येक गुरुवारी सकाळी मी ठरवायचो आणि दुपारी ती जेवायला वाढायची, आणि मला वाटायचं, आणखी एक आठवडा.

याच दिवसांत मी आणखी एक वेडेपणा केला. मुरबाडला एका पंपाचं काम होतं, ते झाल्यावर मी त्याच सोनोग्राफी सेंटरमध्ये गेलो आणि म्हणालो, कमरेत दुखतं, खडा आहे का बघा. मला काही दुखत नव्हतं. मला लिटरभर पाणी प्यायला लावलं, पोटावर गार जेल लावलं, आणि मी काळ्या पडद्याकडे डोळे लावून पडलो होतो. चारचा असला तरी चाललं असतं. घरी जाऊन तिला दाखवला असता. तिने मला विचारलं असतं, पुढं येतं का, जांघेत येतं का, आणि मी म्हणालो असतो, बरूबर. डॉक्टरीणबाई यंत्र फिरवत राहिली, मग हसून म्हणाली, अभिनंदन, दोन्ही किडन्या एकदम स्वच्छ. पावतीवरचा ‘सोबत’चा रकाना रिकामा होता. लोक अशा वेळी देवाला नारळ फोडतात. मी बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला गाडीवर बसलो आणि मला रडू येईल की काय असं वाटलं. दुसऱ्याच्या सुखावर जळणारी माणसं जागोजाग आहेत. दुसऱ्याच्या मुतखड्यावर जळणारा मी एकटाच असेन.

पौषात म्हशाची जत्रा भरली. स्नेहलला लहानपणापासून त्या जत्रेचा सोस, आणि गेली सहा वर्षं कंपनीत खाडा पडेल म्हणून तिला जायला मिळालं नव्हतं. आम्ही दोघं सकाळीच मोटारसायकलवरून गेलो. बैलबाजार धुळीने भरून गेलेला, शिंगं रंगवलेले बैल, दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतायत, पलीकडे घोंगड्यांच्या थप्प्या, भेळ, पाळणे. तिने आईसाठी घोंगडी घेतली, दिशासाठी बांगड्या. मी तिच्या मागे पिशवी धरून चालत होतो आणि मला वाटत होतं, आपलं नुकतंच लग्न झालंय. बांगड्यांच्या दुकानासमोर ती एकदम थांबली. तिने माझा हात धरला, मनगटावर, चारचौघांत, जे तिने कधी केलं नव्हतं. तिचा तळवा तापलेला होता. “अवो,” ती म्हणाली, “परत तसंच दुखतंय. पयल्यासारखं. सकाळपास्नं थंडी वाजतीय. तुमाला आधीच सांगते, मागल्यासारखं नको.”

मला आधी सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही, आईला नाही, त्याला नाही, आधी मला. मी खोटं कशाला लिहू, त्या गर्दीत, तिचं तोंड दुखण्याने काळवंडलेलं असताना, तापाने तिचा हात भाजत असताना, मला आनंद झाला. एका श्वासापुरता झाला. आठ महिने जे माझं दुसऱ्याकडे गेलं होतं ते परत आलं असं वाटलं, आणि लगेच ते विरलं, कारण ते दुखणं कुठून आलं ते तिला ठाऊक नव्हतं आणि मला होतं. मी तिला एका झाडाखाली नेऊन बसवलं, पाणी दिलं. आता सांगायचं, असं मी मनाशी म्हणतोच आहे तोवर समोरून किशोर आला, बरोबर त्याची बायको, हातात उसाची मोळी. मुरबाडचा माणूस, म्हशाला असायचाच. त्याने स्नेहलकडे पाहिलं, आणि या वेळी त्याला संकोच वाटला नाही. म्हणाला, “ताई, नळी काढली ना?” मी तिच्या आधी बोललो. म्हणालो, काढली ना, कधीच काढली. माझा आवाज मला स्वतःलाच परका वाटला. स्नेहलने मान वर केली. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“कसली नळी?”

किशोरने माझ्याकडे एकदा बघितलं, त्यात राग नव्हता, आणि बायकोला म्हणाला, चल, रिक्षा बघू ताईसाठी. दोघं गेली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज चालू होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. नळी, दोन आठवडे, फाइल दुकानाच्या खणात, हॉस्पिटलचे दोन फोन, दोन-तीन महिन्यांची विश्रांती डॉक्टरची नव्हे, माझी. का केलं तेही सांगितलं, म्हणजे प्रयत्न केला. तुझ्या तोंडावरून त्याने ओळखलं ते मला सहन झालं नाही, असं काहीतरी म्हणालो. घरी असायचीस, मला बरं वाटायचं, म्हणालो. ती ऐकत होती. एक हात कमरेवर दाबलेला, दुसऱ्या हातात बांगड्यांचं पुडकं. मला वाटलं रडेल, मला वाटलं शिव्या देईल, आणि दोन्हीसाठी मी तयार होतो. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, एखादं अवघड अक्षर लावावं तशी. मग म्हणाली, “म्हंजे मी बरी होऊ नये, असं तुमाला वाटत हुतं.” मी म्हणालो, तसं नाही गो.

मोटारसायकल तिथेच सोडून किशोरने आणलेल्या रिक्षाने आम्ही थेट शहापूरला आलो. ताप एकशे तीन होता. फिल्ममध्ये ती पांढरी रेघ आता जाड झाली होती, खालच्या वळणाशी चिंचोक्याएवढा गोळा, वरही थर. आधी चार दिवस सलाइनमधून औषधं, मग गुरुवारी पुन्हा पाठीत इंजेक्शन, पुन्हा दुर्बीण, पुन्हा लेझर, या वेळी नळीवरचा खडा फोडायला. किडनी वाचली, पण थोडी अशक्त राहील, डॉक्टर म्हणाला. त्याआधी तो चांगलाच चिडला होता. फाइलवर बोट ठेवून म्हणाला, दोनदा फोन केल्याचं लिहिलं आहे इथे, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का? मी तोंड उघडलं. खाटेवरून स्नेहल म्हणाली, “आमाला कळलंच नाय सायेब. आमी अडाणी मानसं.” ती बारावी पास आहे. तिने मला वाचवलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही. त्या वाक्याइतकी शिक्षा मला दुसऱ्या कुणी दिली नसती. आईला तिने काही सांगितलं नाही, दिशाला नाही, तिच्या भावाला नाही. किशोरनेही कुठे तोंड उघडलं नसावं, कारण गावात अजून कुणी माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत नाही. नळी निघाली तेव्हा मी बाहेर त्याच बाकावर होतो.

फेब्रुवारीत ती पुन्हा कंपनीत जाऊ लागली. मी नको म्हणालो नाही. तिने विचारलंही नव्हतं. वागायला ती पूर्वीसारखीच आहे, सगळं वेळच्या वेळी, माझ्या डब्यात लोणच्याची फोड, आईचं औषध, सणाला नवी साडी नेसून माझ्याबरोबर देवळात. भांडण एकदाही नाही. कुणी म्हणेल, सुखाचा संसार. पण आता मी तिच्या तोंडाकडे बघतो. जेवताना बघतो, ती तांदूळ निवडते तेव्हा बघतो, अंगणातून पाण्याची कळशी घेऊन येते तेव्हा बघतो, आणि मला आता दिसतं. परवा उंबऱ्याशी ती मधेच थांबली, डोळे मिटले, हात कमरेकडे गेला, एक क्षणभर, आणि परत आला. मी लगेच उठलो. दुखतंय का, म्हणालो. कुठे दुखतंय, त्याच बाजूला का, गुरुवार आहे उद्या, चल जाऊ. ती कळशी खाली ठेवत म्हणाली, काय नाय.

तिला काही होत असलं की मी विचारतो. दर वेळी विचारतो. ती काय नाय म्हणते आणि कामाला लागते.